ऑलिम्पिक गाजवणाऱ्या खाशाबांना गुडघ्याने थांबवलं

नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीचं मैदान रंगलं आणि शिवराज राक्षेने गदा उचलली. पण कुस्ती म्हटलं की पैलवानाला समोरच्या गड्याइतकीच धास्ती असते गुडघ्याची. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांनाही तोच नडला.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. मातीत घडलेले खाशाबा 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले.

1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7 हजार रुपये दिले. 23 जुलैला खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ जिंकलं. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर कुस्त्यांचे फड लावून त्यांनी खर्डेकरांचं घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलीस दलात सबइन्स्पेक्टर झाले. पुढचं लक्ष्य होतं 1956 चं मेलबर्न. पण त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरं ऑलिम्पिक हुकलं.

पैलवानाचा गुडघाच का जातो?

डाव टाकताना पाय रोवलेला असतो आणि अंग गर्रकन वळतं. हा पीळ गुडघ्यावर येतो. त्यात हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट फाटू शकतात, नाहीतर दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस फाटते. काही तासांत सूज येते, चालताना गुडघा लचकतो किंवा अडकतो.

खाशाबांच्या काळात एमआरआय नव्हतं, दुर्बिणीची शस्त्रक्रियाही रुळली नव्हती. आज दोन्ही आहेत. त्यामुळे वेळेत उपचार आणि नीट व्यायाम केला, तर अनेक खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात. म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर मालिश करून लगेच लढत धरू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

खाशाबा पोलिसांत असिस्टंट कमिशनर पदापर्यंत पोहोचले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आणि भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं थेट 1996 मध्ये, लिएंडर पेसमुळे. मध्ये तब्बल 44 वर्षं गेली होती.