मुखवटा चढवणारा गोलरक्षक

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान आणि ध्यानचंद यांचे नाव उभे राहते. कॅनडात मात्र या शब्दाला विशेषण लागत नाही. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीपुढे उभे राहायचे आणि समोरून भरधाव येणारी कडक रबराची चकती अडवायची, हे तेथील गोलरक्षकाचे काम. ‘पक’ नावाच्या या चकतीचे वजन सुमारे १७० ग्रॅम. बर्फावर ती उसळू नये म्हणून खेळापूर्वी ती गोठवून ठेवतात. जोराने लगावलेला पक ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग गाठू शकतो. गोलरक्षकाच्या पायांना गाद्यांसारखे पॅड, छातीवर कवच, हातांत जाड मोजे. पण १९५९ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमधील गोलरक्षकाचा चेहरा मात्र पूर्ण उघडा असे. मोडलेली नाके, पडलेले दात आणि टाक्यांचे व्रण ही या पेशाची ओळखच मानली जाई. ती ओळख नाकारण्याचे धाडस माँट्रियल कॅनेडियन्स या संघाच्या जाक प्लान्त यांनी केले आणि त्यासाठी बरेच ऐकूनही घेतले.

प्लान्त यांचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील माँ-कार्मेल या खेड्याजवळ झाला. अकरा भावंडांत ते थोरले. वडिलांना कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब शाविनिगनला राहावयास आले. घरची स्थिती बेताची. मुलाच्या हाती पहिली स्टिक आली तीही वडिलांनी झाडाच्या मुळापासून कोरलेली. टोप्या विकत घेणे परवडत नसे, म्हणून आईने थोरल्या मुलाला लोकरीचे विणकाम शिकवले. हा छंद प्लान्त यांनी जन्मभर जोपासला. व्यावसायिक संघातील दणकट गडी पत्ते कुटत बसलेले असताना हा गृहस्थ सुया घेऊन टोपी नाहीतर मोजे विणत असे, हे दृश्य सहकाऱ्यांना शेवटपर्यंत विचित्रच वाटले.

लहानपणीच त्यांना दमा जडला. फार वेळ स्केटिंग केले की धाप लागे, त्यामुळे ते जाळीपुढे उभे राहू लागले. बाराव्या वर्षी शाळेच्या संघाचा सराव ते पाहत असता गोलरक्षक प्रशिक्षकाशी भांडून निघून गेला. त्या जागी आपल्याला घ्यावे, अशी विनंती या मुलाने केली. दुसरे कोणी नव्हते म्हणून ती मान्य झाली. पुढे कारखान्याच्या संघाकडून खेळताना, वडिलांच्या सल्ल्यावरून, त्यांनी सामन्यामागे पन्नास सेंट मागून घेतले. आपल्या कामाचे मोल आपणच ठरवावे, हा धडा ते तेव्हाच शिकले असावेत.

त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते आणि प्रत्येक संघ सामन्याला एकच गोलरक्षक घेऊन उतरत असे. म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिकेत या पेशाच्या शिखरावर जागा होत्या सहा. त्या मिळवण्यासाठी दुय्यम संघांत कित्येक जण टपून बसलेले असत. अशा वेळी चेहरा झाकावासा वाटतो असे म्हणणे म्हणजे आपण घाबरलो, असे स्वतःच जाहीर करणे. संघमालकांना आणि प्रशिक्षकांना ही भीती सोयीची होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्लान्त यांना पहिली संधी मिळाली तीही या उघड्या चेहऱ्यांमुळेच. नोव्हेंबर १९५२ मध्ये कॅनेडियन्सचे गोलरक्षक जेरी मॅक्नील यांचा जबडा मोडला आणि प्लान्त यांना बोलावणे आले. स्वतः विणलेली टोपी घालून खेळण्याची त्यांची सवय. प्रशिक्षक डिक अर्विन यांना ती मुळीच पसंत नव्हती. दोघांत वाद झाला आणि प्लान्त यांच्या कपाटातील सगळ्या टोप्या नाहीशा झाल्या. टोपीविना खेळलेल्या तीन सामन्यांत त्यांनी केवळ चार गोल होऊ दिले. पुढच्याच वसंतात, १९५३ मध्ये, शिकागोविरुद्धच्या उपांत्य मालिकेत संघ ३-२ असा पिछाडीवर असताना त्यांना पुन्हा जाळीपुढे उभे केले गेले. त्या सामन्यात त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. मालिका कॅनेडियन्सने जिंकली आणि त्या वर्षी मानाचा स्टॅन्ली चषकही.

१९५४-५५ पासून ते संघाचे नियमित गोलरक्षक झाले. मोरिस रिशार, जाँ बेलिव्हो, डग हार्वी अशा दिग्गजांच्या या संघाने १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली चषक जिंकला. ती मालिका आजवर कोणाला मोडता आलेली नाही. या पाचही मोसमांत सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळणारे व्हेझिना पारितोषिक प्लान्त यांच्याकडे गेले. त्यांची शैलीही निराळी होती. जाळी सोडून मागे जायचे, पक थांबवून आपल्या बचावपटूच्या स्वाधीन करायचा, हात उंचावून सहकाऱ्यांना इशारा द्यायचा, ओरडून सूचना करायच्या. गोलरक्षकाने जागा सोडू नये हा तेव्हाचा दंडक, त्यामुळे प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागे. आज हीच कामे गोलरक्षकाच्या शिक्षणाचा भाग आहेत.

दरम्यान चेहरा मार खातच होता. सरावातच त्यांच्या दोन्ही गालांची हाडे वेगवेगळ्या वेळी मोडली. सरावात ते मुखवटा घालू लागले; सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. मुखवट्याने नजर अडते, गोलरक्षक गाफील होतो, असे ब्लेक यांचे मत. फायबरग्लासच्या कंपनीत काम करणारे बिल बर्चमोर हे एका सामन्याला प्रेक्षक म्हणून हजर असताना प्लान्त यांना कपाळावर पक लागलेला त्यांनी पाहिला आणि चेहऱ्याला तंतोतंत बसेल असा पातळ मुखवटा करता येईल, असे त्यांना कळवले. चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घेऊन तो तयार झाला. कातडीच्या रंगाचा, डोळ्यांना आणि तोंडाला भोके असलेला तो मुखवटा दिसायला भेसूर होता, हे खरे.

१ नोव्हेंबर १९५९ चा रविवार. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्सविरुद्ध सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. रेंजर्सचे अँडी बाथगेट यांनी मारलेला पक थेट प्लान्त यांच्या चेहऱ्यावर आदळला. बर्फ रक्ताने माखला. थोड्या वेळापूर्वी प्लान्त यांनी आपल्याला धक्का दिला होता आणि तो फटका आपण जाणूनबुजून मारला, अशी कबुली बाथगेट यांनी पुढे अनेक वर्षांनी दिली. नाकाजवळच्या जखमेला सात टाके पडले. खेळ थांबला होता, कारण बदली गोलरक्षक नव्हता. टाके घालून परत आलेल्या प्लान्त यांनी मुखवट्याविना खेळण्यास नकार दिला. ब्लेक यांच्यापुढे पर्याय उरला नाही. जखम भरली की मुखवटा काढायचा, या अटीवर त्यांनी मान डोलावली. कॅनेडियन्सने तो सामना ३-१ असा जिंकला.

मुखवट्याचे हे पहिलेच दर्शन नव्हते. १९३० मध्ये माँट्रियल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्ट यांनी नाक मोडल्यावर चामड्याचा मुखवटा लावला होता. पण तो त्यांनी लवकरच काढून ठेवला. प्लान्त यांनी मात्र तो काढला नाही. जखम भरली तरी मुखवटा राहिला आणि संघ जिंकत राहिला, त्यामुळे ब्लेक यांना बोलता येईना. ८ मार्च १९६० रोजी प्रशिक्षकांच्या शब्दाखातर ते डेट्रॉइटविरुद्ध एकदा उघड्या चेहऱ्याने उतरले. संघ ३-० असा हरला. दुसऱ्या सामन्यापासून मुखवटा पुन्हा चढला तो कायमचा. त्या वर्षी बाद फेरीतील आठच्या आठ सामने जिंकून कॅनेडियन्सने चषक राखला. भित्रेपणाचा आरोप करणाऱ्यांना याहून सरळ उत्तर कोणते असू शकते?

आपल्याकडील क्रिकेटरसिकांना हा वाद अपरिचित वाटणार नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मरणाच्या दारातून परतले, तरी फलंदाजांनी हेल्मेट सर्रास वापरण्यास आणखी दीडेक दशक जावे लागले. हॉकीतही तसेच झाले. नॅशनल हॉकी लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने खेळणारे शेवटचे गोलरक्षक अँडी ब्राऊन हे १९७४ पर्यंत तसेच खेळत होते.

१९६२ मध्ये प्लान्त यांनी सहावे व्हेझिना पारितोषिक आणि लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूला मिळणारे हार्ट पारितोषिक एकाच मोसमात पटकावले. पण ब्लेक यांच्याशी संबंध बिघडत गेले. टोरांटोत संघाच्या हॉटेलात दमा उफाळतो म्हणून ते वेगळे उतरत. प्रशिक्षकांना हे नखरे वाटत. १९६३ मध्ये त्यांना न्यूयॉर्कला धाडण्यात आले आणि १९६५ मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली. एवढ्या यशानंतर मिळालेला हा निरोप कोरडाच म्हणावा लागेल.

मात्र गोष्ट संपली नव्हती. लीगचा विस्तार झाल्यावर १९६८ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते सेंट लुईस ब्लूज संघात परतले आणि ग्लेन हॉल यांच्या जोडीने सातवे व्हेझिना पारितोषिक मिळवले. १९७० च्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्ध एक पक कपाळावर बसला, मुखवटा फुटला आणि ते बेशुद्ध पडले. मुखवट्यानेच आपला जीव वाचवला, असे त्यांनी शुद्धीवर आल्यावर सांगितले. त्यानंतरच्या मोसमात टोरांटोकडून खेळताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सामन्यामागे सर्वांत कमी गोल होऊ देणारे गोलरक्षक तेच होते.

गोलरक्षण हे शास्त्र आहे, ते शिकवता येते, अशी त्यांची धारणा होती. १९७२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील गाजलेली मालिका माँट्रियलला सुरू झाली. पहिल्या सामन्यापूर्वी प्लान्त दुभाष्याला घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याक यांना कॅनडाचा कोणता आक्रमक कसा फटका मारतो ते समजावून आले. सोव्हिएत संघाने तो सामना ७-३ असा जिंकला. देशप्रेमाच्या दृष्टीने याचा निवाडा कसा करावा हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या रात्री त्यांना समोर दिसला तो जाळीपुढे एकटा उभा राहणारा एक पोर, असे मला वाटते.

१९७५ मध्ये धाकट्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यांनी खेळ कायमचा सोडला. पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. गोलरक्षकांना शिकवण्यासाठी अधूनमधून उत्तर अमेरिकेत येत. १९७८ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. पोटाच्या कर्करोगाने २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. सिएर या गावी अंत्यविधी झाला तेव्हा क्युबेकमधील मुलांचा एक संघ स्पर्धेसाठी स्वित्झर्लंडमध्ये आलेला होता. त्या मुलांनी आपल्या स्टिक उंच धरून कमान केली आणि शवपेटी तिच्याखालून नेण्यात आली. माँट्रियल कॅनेडियन्सने त्यांचा एक क्रमांकाचा गणवेश सन्मानाने निवृत्त केला, तो १९९५ मध्ये.