बाहुल्यांचा विश्वकर्मा

चित्रपटात बाहुल्या चालतात, हसतात, भांडतात, तेव्हा कोणीतरी त्यांना दोऱ्यांनी हलवीत असेल असे आपणांस वाटते. परंतु अशा कित्येक चित्रपटांत दोरी नसतेच. बाहुली किंचित हलवावयाची व तिचे एक छायाचित्र घ्यावयाचे. पुन्हा किंचित हलवावयाची व पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे, अशी ती रीत आहे. ही छायाचित्रे एकामागून एक वेगाने पडद्यावर आली, की निर्जीव बाहुली सजीव भासू लागते. ही कला बाल्यावस्थेत असताना जे तिच्या सेवेस लागले, त्यांत लादिस्लास स्तारेविच यांचे नाव अग्रभागी आहे.

स्तारेविच यांचा जन्म 1882 साली मॉस्को येथे एका पोलिश कुटुंबात झाला. बालपणीच मातेचे छत्र हरपल्यामुळे ते लिथुआनियातील कौनास या गावी आजोळी वाढले. चित्रे काढणे व कीटक जमविणे हे त्यांचे आवडते छंद होते. पुढे तेथील वस्तुसंग्रहालयासाठी ते निसर्गविषयक छोटे चित्रपट तयार करू लागले.

हरिणाच्या शिंगांसारखे जबडे असलेले भुंगेरे मादीसाठी परस्परांशी झुंजतात. 1910 साली ही झुंज चित्रित करण्याचे स्तारेविच यांनी मनात आणले. परंतु भुंगेरे पडले निशाचर! दिव्यांचा प्रखर प्रकाश पडताच ते निपचित पडून राहत. दुसरा एखादा हताश होऊन तो नाद सोडून देता. स्तारेविच यांनी मात्र मेलेले भुंगेरे घेतले, त्यांच्या पायांच्या जागी बारीक तारा मेणाने बसविल्या आणि एकेक छायाचित्र घेत ती झुंज पडद्यावर उभी केली. जिवंत भुंगेऱ्यांनी जे नाकारले, ते मृत भुंगेऱ्यांकडून त्यांनी करवून घेतले.

1911 साली ते मॉस्को येथे गेले व खानझोन्कोव्ह या निर्मात्याकडे काम करू लागले. त्यांचे कीटकांचे चित्रपट पाहून प्रेक्षक थक्क झाले. हे जिवंत कीटकच असून त्यांना अभिनय शिकविला आहे, अशी कित्येकांची समजूत झाली. त्या काळी एका सेकंदाच्या दृश्यासाठी सुमारे 16 छायाचित्रे लागत. म्हणजे एका मिनिटासाठी जवळजवळ हजार वेळा कीटकांचे पाय हलवावे लागत. याच सुमारास, 1912 साली, आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशाच रीतीने एकेक छायाचित्र घेऊन पडद्यावर दाखविली होती.

1917 साली रशियात राज्यक्रांती झाली. स्तारेविच यांना जमलेला संसार व मिळालेला लौकिक मागे टाकून देश सोडावा लागला. ते फ्रान्समध्ये आले आणि पॅरिसजवळील फोंतने-सू-ब्वा या गावी स्थायिक झाले. तेथे त्यांचे घर हीच त्यांची कार्यशाळा झाली. सांधे असलेल्या सांगाड्यांवर मऊ चामडे चढवून ते बाहुल्या घडवीत. पत्नी ॲना बाहुल्यांचे कपडे शिवी; थोरली कन्या इरीन तर आयुष्यभर त्यांची सहकारी झाली.

एका चतुर कोल्ह्याच्या जुन्या कथांवर त्यांनी मोठा चित्रपट करावयास घेतला. त्याचे चित्रण 1929 ते 1930 या काळात, सुमारे दीड वर्ष चालले. परंतु तेवढ्यात बोलपटांचे युग अवतरले, आणि ध्वनीच्या अडचणींमुळे तयार चित्रे तशीच पडून राहिली. तो चित्रपट प्रथम बर्लिन येथे 1937 साली जर्मन भाषेत प्रकाशात आला. फ्रेंच प्रेक्षकांना तो 1941 साली पाहावयास मिळाला. मधल्या काळात स्तारेविच स्वस्थ बसले नव्हते. 1933 साली त्यांनी खेळण्यातील एका कुत्र्याची कथा पडद्यावर आणली. आजारी मुलीसाठी संत्रे मिळवावयास निघालेला तो चिमुकला कुत्रा लोकांस फार आवडला.

वयाच्या 82 व्या वर्षी, 1965 साली, स्तारेविच यांचे निधन झाले, तेव्हाही एक चित्रपट त्यांच्या हाती अपुरा होता. आज इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील आर्डमनसारख्या चित्रसंस्थांत मातीच्या बाहुल्या हालचाल करतात, त्याही अशाच धीम्या गतीने, एकेक छायाचित्र घेऊन. साधने बदलली, परंतु कौनासच्या त्या तरुणाने भुंगेऱ्यांपुढे बसून दाखविलेली चिकाटी या कलेस आजही तितकीच लागते.