न बोललेल्या बाबांचं गाणं

नगरहून दौंडकडे जाताना अरणगाव लागतं. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे आणि जानेवारीअखेर तिथं देशोदेशीचे लोक जमतात, एवढं आपल्या भागात बहुतेकींना ठाऊक असतं. पण या बाबांच्या नावाचं, इलेक्ट्रॉनिक सुरांचं एक गाणं १९७१ साली इंग्लंडात निघालं आणि जगभर वाजलं, हे कितीजणींना माहीत आहे? गंमत म्हणजे ज्यांच्या नावानं हे गाणं, ते शेवटची चव्वेचाळीस वर्षं एक शब्दही बोलले नव्हते.

त्यांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्यातला, २५ फेब्रुवारी १८९४ चा. मुलगा डेक्कन कॉलेजात शिकणारा, गोड गळ्याचा, ‘हुमा’ या टोपणनावानं गझला लिहिणारा. १९१३ मध्ये पुण्याच्या कॅम्पात कडुनिंबाखाली बसणाऱ्या वृद्ध हजरत बाबाजान त्याला भेटल्या. पुढच्या जानेवारीत त्यांनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पोराची शुद्धच हरपली. ना झोप, ना जेवण, डोळे शून्यात. असे कित्येक महिने गेले. आई शिरीनबाई बाबाजानना जाब विचारायला गेल्या. भक्त या प्रसंगाला साक्षात्कार म्हणतात आणि पुढं जातात. मी मात्र दरवेळी त्या आईपाशीच अडकते. चांगला शिकता-सवरता मुलगा डोळ्यांदेखत हातचा गेला, तर कोणती आई गप्प बसेल?

त्याला भानावर आणलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या साकोरीच्या उपासनी महाराजांनी. पहिल्याच भेटीत त्यांनी नेमका कपाळावर दगड मारला, असं चरित्रांत आहे. पुढं मेरवान साकोरीत राहिले, ‘मेहेरबाबा’ झाले आणि १९२३ मध्ये अरणगावला आले. पहिल्या महायुद्धात तिथं लष्कराचा तळ होता, त्या ओसाड जागेचं मेहेराबाद झालं. शाळा निघाली, दवाखाना निघाला.

१० जुलै १९२५ पासून बाबांनी मौन धरलं. १९२७ मध्ये लिहिणंही सोडलं. मग एका पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवायचं आणि जवळच्यांनी ते वाचायचं. १९५४ मध्ये पाटीही गेली, उरल्या हातांच्या खुणा. आपल्याकडे बाई गप्प बसली तर तिला कुणी मौनी म्हणत नाही, हा भाग वेगळा! पण बाबांनी तोंड मिटलं तरी कान उघडे ठेवले होते. कव्वाली त्यांच्या आवडीची. ३१ जानेवारी १९६९ ला पिंपळगावच्या मेहेराझादमध्ये ते गेले. अंत्यदर्शनासाठी आठवडाभर देह समाधीत उघडा ठेवला होता. तिथं त्यांच्या इच्छेप्रमाणे ‘बिगिन द बिगीन’ या जुन्या अमेरिकी नाचगाण्याची रेकॉर्ड लावली गेली. ना भजन, ना आरती, नाचाचं गाणं!

‘द हू’ या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा अनुयायी झाला होता, पण त्यांना भेटायचं राहूनच गेलं. त्यानं एक अजब कल्पना काढली. माणसाची उंची, वजन, नाडी अशी माहिती सिंथेसायझरला पुरवायची आणि त्यातून त्या माणसाचं संगीत काढायचं. बाबांच्या आवाजाची रेकॉर्ड नाही, मग निदान आकड्यांतून तरी ते ऐकू यावेत! शेवटी गाण्यात वाजली ती घरगुती ऑर्गनची आपोआप फिरणारी सुरावट, पण मूळ ओढ तीच. गाण्याचं नाव ‘बाबा ओ’रायली’. त्यातले बाबा आपले, आणि रायली म्हणजे अमेरिकेचे टेरी रायली. एकेक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा फिरवत हळूच बदलत नेणारे हे प्रयोगशील संगीतकार पुढं किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले.

मैत्रिणींनो, हे गाणं मोबाइलवर सहज मिळतं. पण त्याचा शब्दांविना, जवळजवळ दहा मिनिटांचा एक प्रकार १९७२ मध्ये बाबांच्या अनुयायांसाठी काढलेल्या रेकॉर्डवर होता, तो मिळाला तर जरूर ऐका. पहिल्यांदा वाटतं, सुई अडकली की काय! तेच तेच सूर गरगर फिरतात. मुखडा-अंतरा शोधत बसलात तर डोकं उठेल. जात्याची घरघर जशी कानावर पडू देतो, तसं पडू द्या. थोड्या वेळानं त्याच फेऱ्यांत काहीतरी सरकतंय हे लक्षात येतं, आणि आपण गप्प होऊन ऐकत राहतो.

मेहेराबादला दर ३१ जानेवारीला दुपारी बारा ते सव्वाबारा मौन पाळतात. हजारो माणसं टेकडीवर बसलेली असतात. तेव्हा तिथं फक्त वारा आणि लिंबाच्या पानांची सळसळ ऐकू येते, आणि मध्येच एखादं लहान मूल रडतं.