पंगतीतल्या जोड्या : चंचलकुमार मजुमदार

फिजिक्स म्हटलं की आपल्याला फर्स्ट इयर आठवतं आणि सोबत कुणाची तरी राहिलेली केटी. पण क्वांटम फिजिक्समधलं एक मॉडेल, जे आज जगभर शिकवतात, ते आपल्या मुंबईत तयार झालं, हे मला आत्ता आत्ता कळलं. ते करणाऱ्या माणसाची ही थोडक्यात ओळख.

चंचलकुमार मजुमदार यांचा जन्म ११ ऑगस्ट १९३८ रोजी कोलकात्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते अमेरिकेला गेले आणि सॅन दिएगोला वॉल्टर कोन यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. याच कोन यांना पुढे १९९८ साली नोबेल मिळालं. इतके मोठे गुरू लाभले, तर तिथेच राहणं सोपं होतं. पण १९६६ च्या सुमारास मजुमदार परत आले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

तिथे १९६९ साली त्यांनी आपले विद्यार्थी दीपन घोष यांच्यासोबत एक प्रश्न सोडवला. आमच्या कोरीटला लग्नाची पंगत बसते, तशी अणूंची एक रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. प्रत्येकाचा हट्ट असा की, आपलं तोंड शेजाऱ्याच्या उलट हवं. एक वर, एक खाली, असं बसलं की भांडण मिटलं. पण शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही उलटच बसायचं असेल तर? मग सगळ्यांचं समाधान होणं शक्यच नाही.

मजुमदार आणि घोष यांनी दाखवलं की, दूरच्या शेजाऱ्याचं बळ जवळच्याच्या बरोबर निम्मं असेल, तर उत्तर अगदी नेमकं निघतं. अणू दोन-दोनच्या जोड्या करून बसतात. जोडीतली दोन्ही चुंबकं एकमेकांना पूर्ण रद्द करतात, त्यामुळे बाहेरच्या अणूला त्या जोडीचा त्रासच उरत नाही. जोड्या दोन प्रकारे लावता येतात, म्हणजे उत्तरंही दोन. याला मजुमदार-घोष मॉडेल म्हणतात.

आता यात एवढं काय विशेष? तर अशा ५० अणूंची अवस्था पूर्ण लिहायची झाली, तर २ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे १०००००००००००००००  आकडे लागतात. आणि रांगेला अचानक धक्का दिला, तर पुढे काय होईल, ती पुन्हा शांत होईल की नाही, हे तर त्याहून अवघड. अशा वेळी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बरोबर चालतो का, हे तपासायला एखादं पक्कं उत्तर हातात असावं लागतं. ते या दोघांनी देऊन ठेवलं.

१९७५ मध्ये मजुमदार कोलकाता विद्यापीठात गेले. १९७६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचं संशोधन केंद्र कोलकात्यात सुरू झालं, त्याचे ते संस्थापक संचालक. स्वतःचं गणित बाजूला ठेवून इमारत, माणसं, फायली यांत त्यांनी बरीच वर्षं घातली. २० जून २००० रोजी त्यांचं निधन झालं.

दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी लेसर प्रकाशाच्या जाळीत थंड अणू बसवले. ती जाळी अचानक बदलून अणू पुढे काय करतात हेही त्यांनी पाहिलं. कागदावरच्या अणूंच्या रांगा प्रयोगशाळेत उतरवण्याचा रस्ता आता मोकळा झाला होता. मजुमदारांना तो पाहायला मिळाला नाही.

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री जीआरईचे शब्द पाठ करणारे बरेच आहेत. जा, जरूर जा. पण परत येऊनही जगाला उपयोगी पडेल असं काम होतं, आणि त्याला कधीकधी एक कागद, एक विद्यार्थी आणि एक नेमका प्रश्न पुरतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.