लेनर्ड चेशायर : सोबत्यांचा सोबती

शूर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांचे पराक्रम तेवढे आपल्या स्मरणात राहतात. ज्या सोबत्यांच्या आधाराने ते घडले, त्यांचा मात्र विसर पडतो. ज्या वैमानिकाने असा विसर स्वतःस पडू दिला नाही, त्या लेनर्ड चेशायर यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडात झाला. वडील कायद्याचे नामांकित पंडित होते. चिरंजीव मात्र ऑक्सफर्डच्या विद्यापीठात अभ्यासापेक्षा धाडसातच अधिक रमत. खिशात दोनचार पेनी घेऊन पॅरिसपर्यंत पायी जाऊन दाखवीन, अशी पैज त्यांनी एकदा मित्रांशी मारली व ती जिंकलीही. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट तुडविणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मंडळींस पायी चालण्याचे नवल वाटणार नाही. पण ही सारी पायपीट केवळ अर्ध्या पाइंट बिअरसाठी होती, हे ऐकून त्यांसही हसू येईल!

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० साली हा खेळकर तरुण ड्रिफील्ड येथील बाँबफेकी विमानांच्या १०२ क्रमांकाच्या पथकात दाखल झाला. तेथे त्यास फ्रँक लाँग हा न्यूझीलंडचा वैमानिक गुरू लाभला. सोबती त्यास ‘लॉफ्टी’, म्हणजे उंचाडा, म्हणत. लाँगची शिस्त कडक होती. चेशायर यांनी विमानातील प्रत्येकाच्या जागेवर बसून त्याचे काम समजून घेतले पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. शेपटीकडे एकाकी बसणाऱ्या गोलंदाजास काय दिसते, बिनतारी संदेश घेणाऱ्याचे हात कसे गारठतात, हे चालकास ठाऊक नसेल तर तो पुढारी कसला? डोळे बांधून विमानातील प्रत्येक कळ हाताने ओळखण्याचा सरावही त्याने करून घेतला.

या शिक्षणाची कसोटी लवकरच लागली. १२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोलोन शहरावर चेशायर यांच्या विमानास तोफगोळे लागले. आत प्रकाशगोळा पेटून विमानाच्या एका बाजूस मोठे भगदाड पडले, सर्वत्र काळा धूर कोंडला. बिनतारी यंत्रावरील डेव्हिडसन हा तरुण होरपळून निघाला होता, तरीही तो आपले काम सोडीना. तशा स्थितीत चेशायर यांनी विमान परत आणिले. दोघांचाही शौर्यपदके देऊन गौरव झाला.

या तरुणांचे जीवन मोठे विलक्षण होते. आज थट्टामस्करी, उद्या मृत्यू! यॉर्क शहरातील बेटीज नावाच्या उपाहारगृहात ते सुट्टीच्या संध्याकाळी जमत व हिऱ्याच्या टोकाने आरशावर आपापली नावे कोरीत. तो आरसा आजही तेथे आहे. त्यावरील नावे पाचशेहून अधिक आहेत. पण नाव कोरणारे कित्येक पुन्हा तेथे आलेच नाहीत. ब्रिटिश बाँबफेकी दलातील सुमारे सव्वा लाख वैमानिकांपैकी ५५,५७३ जण युद्धात मरण पावले.

पुढे चेशायर ७६ क्रमांकाच्या पथकाचे प्रमुख झाले, तेव्हा विमान दुरुस्त करणाऱ्या जमिनीवरील कामगारांचीही नावे ते पाठ करीत. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांस मोठा हुद्दा मिळाला. परंतु सोबती आकाशात असता आपण कचेरीत बसावे, हे त्यांस रुचेना. खालचा हुद्दा स्वखुशीने पत्करून ते पुन्हा उड्डाणास निघाले. १९४४ साली त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तथापि आकाशातून टाकलेला बाँब खाली कोणाच्या तरी घरावर पडतो, हे आम्ही विसरता कामा नये. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुबाँबचा स्फोट चेशायर यांनी विमानातून प्रत्यक्ष पाहिला. युद्धानंतर उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. १९४८ साली उत्तर आपण होऊन दारी आले. आर्थर डाइक्स नावाचा हवाई दलातील एक जुना शिपाई कॅन्सरने मरणास टेकला होता व त्यास ठाव नव्हता. चेशायर यांनी त्यास आपल्या घरी आणिले आणि अखेरपर्यंत स्वहस्ते त्याची शुश्रूषा केली. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास त्यांनी कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला.

त्या एका रुग्णापासून चेशायर होम या संस्थेचा आरंभ झाला व अपंगांसाठी देशोदेशी तशी घरे निघाली. हिंदुस्थानातील पहिले घर मुंबईस अंधेरी येथे निघाले. ५ एप्रिल १९५९ रोजी त्यांचा विवाह सेवाव्रती स्यू रायडर यांच्याशी झाला, तोही मुंबईतच. पुढे दुर्धर रोगाने चेशायर यांचे स्वतःचेच अवयव निकामी होत गेले आणि ३१ जुलै १९९२ रोजी ते निवर्तले. ज्यांची सेवा त्यांनी केली, त्यांच्याही जागेवर ते अखेर बसले!

मुलांनो, आपल्या बाकावरील सोबत्याचे नाव तुम्हांस ठाऊक असते. पण वसतिगृहात तुमचे ताट वाढणारा, शाळेची घंटा देणारा, मागच्या कोपऱ्यात एकटाच बसणारा, यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत काय? मैत्रीचा पहिला धडा तेथेच आहे, असे आम्हांस वाटते.