तिसरी प्लेट : सर जोसेफ व्हिटवर्थ

अकरावीचे फिजिक्सचे प्रॅक्टिकल होते. स्क्रू गेजने तारेची जाडी मोजायची होती. माझे माप आले ०.४६ मिलिमीटर, माझ्या हरियाणवी जोडीदाराचे ०.४७. पुन्हा मोजत बसलो तर गेम्सच्या फॉल-इनला उशीर होईल, म्हणून मी माझा आकडा खोडून त्याचा लिहिला.

सरांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि तार काढून गेज मिटायला सांगितला. शून्याऐवजी ०.०३ दिसले. शून्य त्रुटी आम्ही पाहिलीच नव्हती. तारेची खरी जाडी ०.४४ होती. आमची उत्तरे जुळली होती, पण दोघांचीही चूक होती. माझे उत्तर तर जुळवलेले होते. सरांनी शिक्षा केली नाही. व्हिटवर्थ यांच्याबद्दल वाचून यायला सांगितले. जे वाचले ते इथे लिहितो आहे.

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म १८०३ मध्ये इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. आई लहानपणीच वारली. चौदाव्या वर्षी त्यांना काकांच्या सूतगिरणीत कामाला लावले गेले. त्यांचे मन सुतापेक्षा यंत्रांत रमले. १८२५ मध्ये ते लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ले यांच्या नामांकित कारखान्यात कारागीर झाले.

तिथे त्यांना एक प्रश्न सतावू लागला. अचूक यंत्र बनवायचे तर आधी अगदी सपाट पृष्ठभाग हवा. पण सपाट आहे हे ठरवायचे कशाने? दोन प्लेट एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरी एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. उपाय होता तिसरी प्लेट. तिन्ही प्लेट आळीपाळीने एकमेकींवर ठेवायच्या, रंग लावून उंचवटे शोधायचे आणि ते हाताने खरवडून काढायचे. कोणतीही जोडी घेतली तरी जुळली, की तिन्ही सपाट. हे वाचताना मला आमच्या दोन वह्या आठवल्या.

१८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी ५५ अंशांचे एकच प्रमाण सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांचे मापनयंत्र होते. ते इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवी. त्याचे तत्त्व आपल्या स्क्रू गेजचेच. इंचाला २० आटे असलेला स्क्रू, त्यावर २०० दात्यांचे चाक आणि ते फिरवणाऱ्या चकतीवर २५० भाग. गुणाकार करा, दहा लाख येतात. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते स्पर्शावर विसंबले. मोजायच्या वस्तूच्या टोकाशी पोलादाची एक छोटी पट्टी धरली जाई. दाब बरोबर असला तर ती अडकून राही, किंचित सैल झाला की खाली पडे.

पुढे हीच अचूकता त्यांनी बंदुकीत आणली. षट्कोनी नळीची, ०.४५१ इंच कॅलिबरची त्यांची रायफल १८५७ च्या चाचण्यांत एनफिल्डपेक्षा सरस ठरली. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेची सुरुवात राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीच्या गोळीने केली. तरीही ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली नाही. ती महाग होती आणि नळीत काजळी लवकर साचे.

१८६८ मध्ये त्यांनी तरुण अभियंत्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

माझ्या वहीतला तो खोडलेला आकडा अजून दिसतो. त्याखाली मी नवे माप शून्य त्रुटीसह लिहिले आहे. आता तार लावण्याआधी मी गेज मिटून पाहतो. आणि जोडीदाराचे उत्तर माझ्याशी जुळले, तरी आम्ही शेजारच्या टेबलावरचा गेज मागून आणतो.