पंडिता रमाबाई आणि मुक्तीतील अंध मुलींचे शिक्षण

नांदुऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतून फिरणाऱ्या आपल्या एका उपदेशकबंधूंस एका आईने नुकताच एक प्रश्न केला. तिची आठ वर्षांची मुलगी जन्मांध आहे. धाकटी भावंडे शाळेस जातात आणि ही ओसरीवर बसून असते. हिला अक्षरे शिकविण्यात काय हशील, असे तिचे विचारणे होते. बंधूंस तत्काळ उत्तर सुचले नाही, व तसे त्यांनी प्रांजळपणे कळविले. त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा एक भाग येथे सांगतो. बाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? पण विधवांच्या कैवारी म्हणून आपण त्यांस जाणतो. अंधांना शिकविणाऱ्या म्हणून त्यांस ओळखणारे फार थोडे.

बाईंचा जन्म 1858 साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. परंतु रमा शिकण्याजोगी झाली तोवर ते वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. म्हणून आई लक्ष्मीबाई तिला शिकवू लागल्या. कुटुंब तीर्थयात्रेत सदा पायी फिरणारे. पुस्तक उघडून बसण्यास स्वस्थता कोठून असणार? आईने म्हणावे व मुलीने ऐकून पाठ करावे, अशा रीतीने हजारो श्लोक त्या मुलीच्या मुखी बसले. विद्येला डोळ्यांखेरीज दुसरेही दार आहे, हे बाई अशा रीतीने बाळपणीच शिकल्या. पुढे दुष्काळात आईबाप गेले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 साली, पती बिपिनबिहारी मेधावी वारले आणि तान्ही मनोरमा तेवढी पदरी राहिली.

1883 साली बाई वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या. तेथे त्यांस ऐकू कमी येऊ लागले. ज्यास रोग्याच्या छातीचा आवाज ऐकू येत नाही, त्यास वैद्यकी कशी साधावी? तो बेत सोडावा लागला. ज्या कानांनी सारी विद्या मिळविली, तेच कान गेले. हा आघात लहान नव्हता. परंतु बाईंनी शिकणे सोडले नाही. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथे त्यांनी फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाची बालोद्यान पद्धत अभ्यासिली. या पद्धतीत मूल चेंडू, ठोकळे, माती हाताळून शिकते. पाटीवरचे अक्षर मागाहून येते. बाईंनी ती लहान मुलांसाठी शिकून घेतली, पण अंध मुलाच्या उपयोगास याहून जवळची पद्धत कोणती?

1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. 1896-97च्या दुष्काळात बाई स्वतः मध्यप्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. 1900 साली गुजरातेतून आणखी आल्या, आणि केडगावात सुमारे एकोणीसशे जीव झाले. त्यांत अशक्त होते, आजारी होते, अंधही होते. दुष्काळ पोटाबरोबर डोळेही नेतो. दूध व भाजीपाला न मिळाल्याने अ जीवनसत्त्व तुटते व लहान मुलांच्या बुबुळांचा नाश होतो, हे आज वैद्यकास ठाऊक आहे. त्या काळी देवीचा रोगही पुष्कळांस अंध करून जाई.

अशांस जेवू घालून कोपऱ्यात बसविले असते, तरी लोकांनी बाईंस धन्यच म्हटले असते. पण बाईंच्या येथे अंध मुलगी ही प्रथम विद्यार्थिनी होती. हे काम मुख्यत्वे मनोरमाबाईंनी उचलले. त्यांनी ब्रेल पद्धत आत्मसात केली व अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. अंधांच्या घरास, यरीहोच्या वाटेवर बसणाऱ्या आंधळ्यावरून, बार्तीमी सदन हे नाव मिळाले. चरित्रकार मातेचा गौरव करितात व कन्येस एका वाक्यात उरकतात, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

ही पद्धत लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थाची. तो बालपणी बापाच्या कामाच्या खोलीत आरी लागून अंध झाला, व पुढे पॅरिसच्या अंधशाळेत स्वतः शिक्षक होता. दोन उभ्या ओळींत तीन-तीन, असे सहा टिंब. त्यांपासून 63 निरनिराळ्या खुणा होतात. जाड कागदावर टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचावयाचे, व कागद उलटून उंचवटे डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. मराठी ब्रेलमध्ये काना-वेलांटी वर-खाली लागत नाही; व्यंजनापुढे स्वराची खूण येते. मनोरमाबाईंच्या काळी मात्र देशी भाषांसाठी सर्वमान्य अशी एक लिपी नव्हती. भारती ब्रेल निश्चित झाली ती 1951 साली. त्याच सुमारास, म्हणजे 1900 साली, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीही अंधांसाठी शाळा काढली; तीच दादरची अंधशाळा.

मनोरमाबाई 1921च्या जुलैत वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवावयाची तीच आधी गेली. बाई तोवर अतिशय थकल्या होत्या व फारच कमी ऐकू येई. तरी इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. 1889 पासून मोजले तर तेहेतीस वर्षे त्या शिकवीत होत्या.

आता त्या आईविषयी. 2016च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या दिव्यांग मुलास जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे. त्यास निमसरकारी वा सरकारी रुग्णालयातून मिळणारा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. उपदेशकबंधूंनी मुलीसोबत बुलढाण्यास जाऊन प्रथम त्याची चौकशी करावी. केडगाव पाहण्याची इच्छा असल्यास नांदुऱ्याहून भुसावळ, मनमाड व दौंड या मार्गाने आगगाडीने जाता येते. निघण्यापूर्वी पत्र मात्र पाठवावे.